उद्योगवीर वालचंद हिराचंद

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवर एक विशाल धरण आहे. 1980 साली ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे पाणी माढा, करमाळा, इंदापूर अशा अनेक तालुक्यांतील गावांच्या शिवारांपर्यंत पसरले आहे. या काठच्या गावांतील मुलांना होडी आणि मासेमारी यांचे नवल वाटत नाही. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख कोरडा होता. पावसाने दगा दिला की विहिरी आटत, गुरांना चारा मिळेनासा होई. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे, फार दूर. अशा कोरड्या मुलखात जन्मलेल्या एका पुरुषाने भारताच्या समुद्रावर भारतीयांची जहाजे नेली. त्या पुरुषाचे नाव वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातचे, जैन धर्माचे. व्यापारानिमित्त ते सोलापुरात येऊन स्थायिक झाले होते. वालचंद तान्हे असतानाच त्यांची आई वारली. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना मायेने वाढवले. सोलापुरात शालेय शिक्षण संपवून ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात व नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. परंतु घरच्या अडचणींमुळे त्यांना शिक्षण अर्धवट सोडून सोलापुरास परत यावे लागले.

वडिलोपार्जित व्यापार पुढे चालवावा, अशी घरच्यांची अपेक्षा होती. वालचंदांनी धान्याच्या आणि कापसाच्या व्यवहारात लक्ष घातले. पण त्यांना यश आले नाही. एकाकडून घ्यावे आणि दुसऱ्यास विकावे, यात त्यांचे मन रमेना. काहीतरी नवे उभे करावे, ही त्यांची ओढ होती. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेच्या कामांची त्यांना चांगली माहिती होती. भांडवल मात्र नव्हते. वालचंदांजवळ पत होती आणि धाडस होते. दोघांनी भागीदारी केली.

आज उजनी धरणापासून जवळ असलेले कुर्डुवाडी हे त्या काळी बार्शी रोड या नावाने ओळखले जाई. तेथून 1897 साली बार्शीपर्यंत एक छोटी रेल्वे सुरू झाली होती. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. लोक तिला कौतुकाने बार्शी लाईट म्हणत. ही रेल्वे पुढे वाढवण्याचे काम निघाले, तेव्हा येडशी ते तडवळे या टप्प्याचे कंत्राट फाटक व वालचंद यांना मिळाले. टप्पा लहानच होता. तरी माती खणणे, भराव घालणे, मजुरांची सोय पाहणे, ठरल्या मुदतीत काम पुरे करणे, हे सारे वालचंद तेथे शिकले. पुढील आयुष्यातील प्रचंड कामांची ती पहिली पायरी होती.

हळूहळू त्यांचा पसारा वाढला. 1920 साली टाटांच्या सहकार्याने त्यांनी बांधकामाची मोठी कंपनी काढली. मुंबई-पुणे लोहमार्गावर बोरघाटात डोंगर फोडून बोगदे खणण्याचे अवघड काम या कंपनीने केले. मुंबई शहराला तानसा तलावाचे पाणी पुरवणाऱ्या प्रचंड नळांचे कामही तिने केले. अशी कामे परकीय कंपन्यांनाच जमतात, असा त्या काळी समज होता. वालचंदांनी तो खोटा ठरवला.

परंतु त्यांचे खरे नाव झाले ते समुद्रावर. 1919 साली रेल्वेच्या एका प्रवासात त्यांना कळले की, ग्वाल्हेरचे महाराज शिंदे यांचे एक जहाज विकावयाचे आहे. हे जहाज मूळचे कॅनडातील एका कंपनीचे. पॅसिफिक महासागरात ते उतारूंची ने-आण करीत असे. पहिल्या महायुद्धात शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी दिले होते. वालचंदांना जहाजांच्या धंद्याचा काहीच अनुभव नव्हता. पण त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. भारताला हजारो मैलांचा समुद्रकिनारा होता. भारतात पिकणारा कापूस, तांदूळ, गळिताची धान्ये परदेशी जात होती. परंतु तो माल वाहणारी जहाजे जवळजवळ सारी इंग्रजांची होती. माल आपला आणि भाडे दुसऱ्याचे, अशी स्थिती होती.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या व्यापाऱ्यांबरोबर वालचंदांनी ते जहाज विकत घेतले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. जहाजाचे नाव होते ‘लॉयल्टी’. 5 एप्रिल 1919 रोजी ते उतारू घेऊन मुंबईहून लंडनकडे निघाले. भारतीयांच्या मालकीच्या कंपनीचे मोठे जहाज आंतरराष्ट्रीय मार्गावर निघाले, ही त्या दिवशी मोठी घटना होती. त्याचीच आठवण म्हणून 1964 पासून 5 एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मात्र ‘लॉयल्टी’ची कहाणी सुखाची नव्हती. जहाज जुने होते, त्याच्या दुरुस्तीला फार पैसा लागला आणि उत्पन्न पुरेना. 1923 साली ते मोडीत काढावे लागले. पहिलाच डाव असा फसला असता दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. वालचंद आणि त्यांचे सहकारी यांनी मात्र माल वाहणारी जहाजे घेऊन धंदा चालू ठेवला.

आता खरा झगडा सुरू झाला. या समुद्रावर बलाढ्य इंग्रज कंपन्यांची सत्ता होती. कोणी नवी भारतीय कंपनी निघाली की, या कंपन्या आपले भाडे एकदम खाली आणीत. त्यांच्याजवळ पैसा अमाप. त्यामुळे काही काळ तोटा सोसणे त्यांना जड जात नसे. नव्या कंपनीला मात्र तितक्या कमी भाड्यात जहाज चालवणे परवडत नसे. ती बुडाली की जुन्या कंपन्या भाडे पुन्हा वाढवीत. आणखी एक युक्ती अशी होती : जो व्यापारी आपला माल नेहमी त्यांच्याच जहाजांतून पाठवील, त्याला भाड्याचा काही भाग काही महिन्यांनी परत मिळे. मध्येच त्याने दुसऱ्या कंपनीला माल दिला तर ही रक्कम बुडे. मग व्यापारी नव्या कंपनीकडे कसे वळणार? दक्षिणेत तुतिकोरीन येथे चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 साली स्वदेशी जहाज कंपनी काढली होती. तीही अशा दडपणाखाली टिकू शकली नव्हती.

सिंदिया कंपनीवरही हाच प्रसंग आला. भाडी इतकी उतरली की प्रत्येक फेरीत तोटा होऊ लागला. भागधारक चिंतेत पडले. पण कंपनी विकून मोकळे व्हावे, हा विचार वालचंदांनी मान्य केला नाही. शेवटी 1923 साली इंग्रज कंपन्यांशी 10 वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाने किती जहाजे चालवावीत यावर मर्यादा होती. करार मानहानीचा वाटावा असाच होता. तरी त्यामुळे कंपनी जगली. आपल्या किनाऱ्यावरील वाहतूक आपल्या जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी 1928 साली केंद्रीय विधिमंडळात हाजी यांनी विधेयक मांडले. परक्या राजवटीत त्याचा कायदा होऊ शकला नाही. 1929 साली वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले आणि 1950 पर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली. जी गोष्ट परक्या सत्तेने नाकारली, ती स्वतंत्र भारताने मान्य केली : किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखली गेली.

समुद्रावर लढत असताना वालचंद आपल्या मुलखाला विसरले नव्हते. नाशिक जिल्ह्यात रावळगाव येथे त्यांनी पडीक जमिनीवर ऊस पिकवला आणि साखर कारखाना काढला. 1942 साली तेथे गोळ्या-चॉकलेटे तयार होऊ लागली. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी रावळगावच्या गोळ्या आवडीने खाल्ल्या. आज ज्या इंदापूर तालुक्याच्या काठाला उजनीचे पाणी लागले आहे, त्याच तालुक्यात कळंब गावाजवळ त्यांनी दुसरी मोठी शेती वसवली. जमीन खडकाळ व ओसाड होती. नीरा नदीच्या डाव्या कालव्याचे पाणी, यंत्रांची मदत आणि माणसांचे कष्ट यांच्या बळावर तेथे उसाचे मळे उभे राहिले. 1934 साली साखर कारखाना सुरू झाला. कारखान्याभोवती घरे, शाळा, दवाखाना, बाजार अशी वसाहत झाली. हेच वालचंदनगर.

वालचंदांच्या मनात याहून मोठी चित्रे होती. विमान, जहाज आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात तयार व्हावीत, असा त्यांचा ध्यास होता. टाचणीसुद्धा परदेशातून येण्याचे ते दिवस होते. त्यामुळे अनेकांना हा ध्यास वेडेपणाचा वाटला.

1939 साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या वर्षी विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी ओळख झाली. पॉली यांनी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवला होता. त्यांचे बोलणे ऐकताच वालचंदांनी भारतात तसा कारखाना काढण्याचे ठरवले. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवलाचा वाटा दिला. 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. 1941 च्या ऑगस्टात तेथे जुळवलेल्या पहिल्या विमानाने आकाशात झेप घेतली. पुढे युद्धाच्या निकडीमुळे 1942 साली सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. रोपटे त्यांनी लावले. वृक्ष दुसऱ्यांच्या हाती वाढला. आज तीच संस्था हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने देशासाठी विमाने आणि हेलिकॉप्टरे तयार करते.

जहाजे बांधण्यासाठी त्यांनी पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणमची निवड केली. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसवण्यात आली. दुसऱ्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बाँब टाकले. काम थांबले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा नेटाने सुरू झाले आणि 14 मार्च 1948 रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर सात महिन्यांनी, ‘जलउषा’ हे 8,000 टनांचे जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. एकोणतीस वर्षांपूर्वी दुसऱ्याचे जुने जहाज विकत घेऊन ज्यांनी आरंभ केला होता, त्यांनी आता भारताच्या भूमीवर बांधलेले नवे जहाज समुद्राला दिले.

मोटारींचे स्वप्नही असेच चिकाटीने पुरे झाले. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि 1947 साली तेथून मोटारी बाहेर पडू लागल्या. आरंभी परदेशी भाग आणून ते जोडले जात; पुढे एकेक भाग येथेच होऊ लागला. वालचंदांच्या पश्चात याच कारखान्याची पद्मिनी मोटार मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाली. अशी शेवटची टॅक्सी 2023 साली रस्त्यावरून निवृत्त झाली.

सततच्या श्रमांनी वालचंदांचे शरीर थकले. 1949 साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाली, त्या दिवसाला तीनच दिवसांपूर्वी चौतीस वर्षे झाली होती.

वालचंदांच्या आयुष्याकडे पाहताना त्यांच्या यशाइतकेच त्यांचे अपयशही ध्यानात ठेवले पाहिजे. पहिला व्यापार बसला. पहिले जहाज मोडीत निघाले. विमानांचा कारखाना हातचा गेला. गोदीवर युद्धाचे संकट आले. प्रत्येक वेळी त्यांनी झालेल्या नुकसानीतून पुढच्या कामाची तयारी केली. एकट्याच्या बळावर त्यांनी हे केले, असेही नव्हे. भागीदार, तंत्रज्ञ आणि हजारो कामगार यांचे हात त्या कामाला लागले होते.

सांगली आणि सोलापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आज वालचंदांचे नाव चालवीत आहेत. उजनीच्या जलाशयापासून फार दूर नसलेल्या वालचंदनगरात आता अवजड यंत्रांची परंपराही रुजली आहे. भारताच्या अवकाशयानांना आकाशात नेणाऱ्या अग्निबाणांचे काही भाग तेथे तयार झाले आहेत. जेथे एके काळी कुसळे उगवत, त्या माळावर घडलेले लोखंड आज पृथ्वीच्या वातावरणाबाहेर जाणाऱ्या यानाला बळ देते. भीमाकाठच्या मुलांनी रात्री आकाशाकडे पाहताना ही गोष्ट अवश्य आठवावी.