सोम ते मोक्ष : आल्डस हक्सले

रॉक ऐकणाऱ्या पब्लिकला 'द डोअर्स' हा बँड माहीत असतोच. पण त्या बँडचं नाव ज्या पुस्तकावरून पडलं, ते लिहिणारा कोणी लांब केसांचा हिप्पी नव्हता. तो होता साठीला टेकलेला, सूट घालणारा इंग्रज साहेब, आल्डस हक्सले!

जन्म १८९४ चा. आजोबा टी. एच. हक्सले म्हणजे डार्विनसाठी जगाशी भांडलेले शास्त्रज्ञ. आल्डसला डॉक्टर व्हायचं होतं. पण चौदाव्या वर्षी आई कॅन्सरने गेली, सोळाव्या वर्षी डोळ्यांच्या आजाराने जवळजवळ आंधळेपण आलं आणि डॉक्टरकी राहिली ती राहिलीच. पठ्ठ्या ब्रेल शिकला. १९१४ मध्ये भाऊ ट्रेव्हेननने डिप्रेशनमध्ये आत्महत्या केली. मला वाटतं, मनाच्या आजारावर इलाज हवा ही त्याची तळमळ इथूनच सुरू झाली असावी.

१९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मध्ये सरकार लोकांना 'सोमा' नावाची गोळी देतं. गोळी घ्या, खूश राहा, प्रश्न विचारू नका. नाव अर्थातच आपल्या वेदांतल्या सोमरसावरून. आता गंमत बघा. ज्याने गोळीची एवढी भीती घातली, तोच पुढे गोळीचा वकील झाला!

मे १९५३ मध्ये, अमेरिकेतल्या त्याच्या घरी, डॉ. हम्फ्री ऑस्मंडने त्याला ०.४ ग्रॅम मेस्कलीन दिलं. समोरच्या फुलदाणीतली फुलं, स्वतःच्या पँटच्या घड्या, हेच तो तासन्‌तास बघत बसला. त्यावर त्याने १९५४ मध्ये 'द डोअर्स ऑफ परसेप्शन' लिहिलं. ऑस्मंड तेव्हा कॅनडात दारुड्यांवर एलएसडीने उपचार करत होता. हे औषध डॉक्टर जवळ असताना, नीट तयारीने घ्यायचं, असं हक्सलेचं म्हणणं. १९६० मध्ये तो एमआयटीत शिकवायला होता (होय, आपलं सर्वांचं ड्रीम कॉलेज!). तेव्हा हार्वर्डचा टिमथी लिअरी त्याला भेटला. लिअरीला पुढे सगळ्या जगाला एलएसडी वाटायचं होतं, हक्सलेला ही घाई पटली नाही. आणि झालंही तसंच. साठीचं दशक संपता संपता अमेरिकेत बंदी आली, रिसर्चही थंडावला. भारतातही १९८५ च्या कायद्याने एलएसडी गुन्हाच आहे, तेव्हा होस्टेलवाल्यांनो, उगाच डोकं चालवू नका. थंडावलेला रिसर्च बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कॅन्सर पेशंटची भीती आणि डिप्रेशन सिलोसायबिनने कमी झाल्याचं छापलं.

१९६१ मध्ये हक्सलेचं घर जळालं. पुस्तकं, पत्रं, सगळं खाक. वाचलेल्या थोड्या वस्तूंत एका नव्या कादंबरीचं हस्तलिखित होतं. ती 'आयलंड', १९६२ मध्ये आली. तिच्यातही औषध आहे, पण इथे पोरं आधी डोंगर चढतात, मगच मोठ्यांच्या देखरेखीखाली ते घेतात. त्याचं नाव 'मोक्ष'. तीस वर्षांत माणूस सोमापासून मोक्षापर्यंत आला.

तेव्हा त्याला स्वतःला कॅन्सर झालेला होता. २२ नोव्हेंबर १९६३. आवाज गेलेला. त्याने थरथरत्या हाताने कागदावर लिहून बायकोकडे, लॉराकडे, १०० मायक्रोग्रॅम एलएसडी मागितलं. ती आणायला गेली तर बाकीचे टीव्हीला चिकटलेले, केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी चालू होती. तिने इंजेक्शन दिलं, नंतर आणखी एक दिलं, आणि शेवटपर्यंत हळू आवाजात त्याच्याशी बोलत राहिली. संध्याकाळी तो शांतपणे गेला. केनेडींच्या गदारोळात ही बातमी पार झाकून गेली.