विश्लेषण : ड्रुइडांच्या प्रार्थनेतला 'देव' प्रत्येकाचा वेगळा का? ती रचणारे योलो मॉर्गनुग कोण होते?

ब्रिटनमध्ये आणि इतरत्रही आधुनिक ड्रुइड एकत्र जमले की बहुतेकदा एक छोटी प्रार्थना म्हटली जाते. शब्द सगळ्यांना पाठ असतात. मात्र देवाचा उल्लेख येतो तिथे कुणी 'देव' म्हणतो, कुणी 'देवी', तर कुणी 'चैतन्य'. ही प्रार्थना प्राचीन असल्याचे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ती १८व्या शतकातल्या एका पाथरवटाने रचली.

योलो मॉर्गनुग कोण होते?

खरे नाव एडवर्ड विल्यम्स. जन्म १७४७ मध्ये वेल्समधील ग्लॅमॉर्गन परगण्यात. वडिलांप्रमाणे तेही दगड घडवण्याचे काम करत. वेल्श कविता आणि जुन्या हस्तलिखितांचा त्यांना ध्यास होता. कर्जापायी त्यांना कार्डिफच्या तुरुंगातही जावे लागले. दम्यामुळे ते अनेक वर्षे अफूचा अर्क घेत.

ड्रुइडांशी संबंध कसा आला?

प्राचीन ड्रुइडांनी स्वतःचे धर्मग्रंथ लिहून ठेवले नाहीत. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती ग्रीक आणि रोमन लेखकांकडून मिळते. ही पोकळी योलोंनी कल्पनेने भरली. ड्रुइडांचे ज्ञान ग्लॅमॉर्गनच्या कवींनी जपले, असा त्यांचा दावा होता. १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्यांनी दगडांच्या वर्तुळात 'गॉर्सेद' हा कवींचा सोहळा भरवला. १८१९ मध्ये कारमार्थेन येथे तो वेल्श साहित्य-संगीत महोत्सवाला, म्हणजे आइस्टेथवॉडला जोडला गेला. आजही तो सुरू आहे.

त्यांचा स्वतःचा देव कोणता?

योलो युनिटेरियन ख्रिश्चन होते. देव एकच, असे मानणारा आणि त्रैक्याचा सिद्धांत नाकारणारा हा पंथ. ब्रिटनमध्ये १८१३ पर्यंत त्रैक्य नाकारणे कायद्याने गुन्हा होता. तरीही १८०२ मध्ये दक्षिण वेल्समधील युनिटेरियनांची संघटना उभी करण्यात ते पुढे होते. गुलामगिरीलाही त्यांचा विरोध होता. आपल्या दुकानात त्यांनी गुलामांच्या श्रमातून आलेली वेस्ट इंडीजची साखर नाकारून ईस्ट इंडीजची साखर ठेवली.

प्रार्थनेत हेच विचार उतरले. ती संरक्षण मागते आणि न्यायाच्या ओढीतून सर्व अस्तित्वावरच्या प्रेमापर्यंत पोहोचते. त्रैक्याचा उल्लेख तीत नाही.

बनावट कधी उघड झाली?

योलोंचे निधन १८२६ मध्ये झाले. त्यानंतर जवळपास शतकभर त्यांची हस्तलिखिते अस्सल मानली गेली. २०व्या शतकात अभ्यासक ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी मूळ कागद तपासले. मध्ययुगीन कवी डॅविथ अप ग्विलिम यांच्या नावावर छापलेल्या काही कविताही योलोंच्याच असल्याचे त्यांनी दाखवले. वेल्श साहित्याच्या इतिहासाचे यात मोठे नुकसान झाले. अस्सल काय आणि रचलेले काय, हे नव्याने निवडावे लागले.

मग ड्रुइडांनी प्रार्थना सोडली का नाही?

आधुनिक ड्रुइड परंपरेत सर्वांना बांधणारा एक धर्मग्रंथ किंवा श्रद्धेची सक्ती नाही. कुणी अनेक देवदेवता मानतो, कुणी एकच ईश्वर, कुणाला निसर्गच दैवी वाटतो, तर कुणी देव मानतच नाही. त्यामुळे प्रार्थना किती जुनी, यापेक्षा ती म्हणताना काय उमगते याला अनेकांच्या लेखी महत्त्व आहे. शब्द बदलण्याची मोकळीकही त्यातूनच येते.

योलोंनी आपली श्रद्धा प्राचीन ड्रुइडांच्या तोंडी घातली, कारण स्वतःच्या नावावर ती कुणी स्वीकारेल याची खात्री त्यांना नव्हती असे दिसते. आजच्या ड्रुइडाला तशी ओट घ्यावी लागत नाही. आपला देव कोणता, हे तो त्याच प्रार्थनेत उघडपणे सांगतो.