भारताच्या भातशेतीवर जग तापवल्याचं खापर फुटलं, तेव्हा अनिल अग्रवालांनी हिशोबच नव्याने मांडला

साल होतं १९९०. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेचा अहवाल आला. पृथ्वी तापवणारे वायू कोणता देश किती सोडतो, याची त्यात यादी होती. अमेरिका पहिल्या नंबरवर, ते ठीकच. पण पहिल्या पाचात ब्राझील, चीन आणि चक्क भारतही होता.

कारण काय, तर आपली भातशेती आणि गुरंढोरं. पाणी साचलेल्या भातखाचरांतून आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन वायू बाहेर पडतो. तोही या हिशोबात धरला होता.

तेव्हा आपल्याकडच्या कोट्यवधी घरांत विजेचा दिवासुद्धा पोचलेला नव्हता. तरी जग तापवणाऱ्यांच्या यादीत आपण वरच्या रांगेत.

या हिशोबावर बोट ठेवणारा माणूस म्हणजे अनिल अग्रवाल.

इंजिनिअर झाले, पण रमले पत्रकारितेत

अग्रवालांचा जन्म २३ नोव्हेंबर १९४७ चा, कानपूरचा. आयआयटी कानपूरमधून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले, पण कारखान्यात न जाता १९७३ मध्ये हिंदुस्तान टाइम्समध्ये विज्ञान वार्ताहर म्हणून लागले.

लवकरच हिमालयातल्या चिपको आंदोलनाचं वार्तांकन त्यांनी केलं. झाडं वाचवायला उतरलेल्या बायकांसाठी जंगल म्हणजे सरपण, चारा आणि पाणी होतं. पर्यावरण हा गरिबांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे त्यांना तिथे पटलं.

पुढे काही काळ लंडनमध्ये काम करून ते परतले आणि १९८० मध्ये दिल्लीत सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट, म्हणजेच सीएसई ही संस्था काढली. १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरिक अहवाल आला. आपल्या राळेगणसिद्धीत गावाने मिळून पाणी कसं अडवलं, यावरही त्यांनी पुढे लिहिलं.

मग त्या यादीत चुकलं काय होतं?

१९९१ मध्ये अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटं पुस्तक काढून त्या अहवालाला उत्तर दिलं.

त्यांचा मुद्दा सोप्या उदाहरणाने समजून घेऊ. एका चाळीत पाण्याची एकच टाकी आहे. एक बिऱ्हाड रोज वीस बादल्या उपसतं, बाकीची दोन-दोन. आता जो जास्त उपसतो त्याचा हक्कही जास्त, असा नियम केला तर?

अमेरिकन अहवालात साधारण हेच झालं होतं. समुद्र आणि जंगलं दरवर्षी हवेतले बरेच वायू शोषून घेतात. ही शोषण्याची ताकद अहवालाने ज्याच्या त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटली होती. म्हणजे ज्याचा धूर जास्त, त्याला सूटही जास्त.

अग्रवालांचं म्हणणं होतं, समुद्र आणि हवा सगळ्या माणसांची आहे, तर वाटणी डोक्यांवर करा. जगातली साधारण १६ टक्के माणसं तेव्हा भारतात राहत होती. तसं मोजल्यावर भारताचा कार्बन डायऑक्साइड वाट्यापेक्षा कमीच भरला.

दुसरा मुद्दा मिथेनचा. भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मिथेन आणि श्रीमंत देशातल्या गाडीचा धूर एकाच तराजूत कसा तोलायचा? एक जगण्यासाठीचं उत्सर्जन, दुसरं चैनीचं. पुढे शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतात प्रत्यक्ष शेतांत मोजणी झाली. तेव्हा परदेशी अंदाज कितीतरी फुगवलेले निघाले.

१९९२ मध्ये रिओ परिषदेत हवामान करार झाला. जबाबदारी सगळ्यांची, पण प्रत्येकाची वेगवेगळी, हे तत्त्व त्यात आलं. याचं श्रेय एकट्या अग्रवालांचं नाही, विकसनशील देशांनी त्यासाठी बराच जोर लावला होता. दरडोई समान हक्क मात्र मिळाला नाही. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर कपातीचं बंधन आलं, पण २००१ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतलं.

घरातलाही हिशोब मांडला

जगाला जाब विचारणारा हा माणूस आपल्या सरकारलाही सोडत नव्हता. १९९४ मध्ये त्यांना कॅन्सर झाल्याचं निदान झालं. तरी १९९६ मध्ये सीएसईने दिल्लीतल्या गाड्यांच्या धुरावर पुस्तक काढून मोहीम उघडली. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. कोर्टाला सल्ला देणाऱ्या प्राधिकरणात अग्रवालही होते.

२००० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. २ जानेवारी २००२ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. ते वर्ष संपेपर्यंत दिल्लीतल्या सरकारी डिझेल बस बंद झाल्या होत्या.

आज वर्षाच्या एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे, पण दरडोई आकडा जगाच्या सरासरीपेक्षा बराच खाली आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत गरीब देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं ठरलं, तेव्हा भारताने ही रक्कम तोकडी असल्याचं ठणकावून सांगितलं.

त्यामागचा युक्तिवाद अग्रवालांच्या वाटेनेच जातो. फक्त जगाकडे न्याय मागताना आपल्या शहरातला धूर झाकायचा नाही, ही त्यांची दुसरी अटही लक्षात ठेवायला हवी.