अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाई खंडेराव होळकर (३१ मे १७२५ – १३ ऑगस्ट १७९५) या माळव्यातील होळकर संस्थानाच्या राज्यकर्त्या होत्या. त्यांनी १७६७ पासून मृत्यूपर्यंत महेश्वर येथून राज्यकारभार पाहिला. इतिहासातील शूर स्त्रियांवरील बालपुस्तकांत जिजाबाई आणि राणी लक्ष्मीबाई यांच्यासोबत त्यांचे चरित्र आढळते.

पूर्वायुष्य

अहिल्याबाईंचा जन्म जामखेडजवळील चौंडी गावी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. १७३३ मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मालेराव व मुक्ताबाई ही त्यांची अपत्ये. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. तेव्हा अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले.

पुढील बारा वर्षांत त्यांचे प्रशिक्षण झाले, असे म्हणता येईल. मल्हारराव स्वारीवर असताना वसुली, हिशेब व रसद ही कामे त्यांच्याकडे असत. १७६५ मध्ये ग्वाल्हेरच्या बाजूस तोफखाना हलविण्यासंबंधी मल्हाररावांनी त्यांना लेखी सूचना धाडल्या होत्या. लढाईमागचे हे काम गोष्टीरूप चरित्रांत क्वचितच येते.

१७६७ चा पेच

१७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मालेराव वारले. मालेरावांना आईनेच देहदंड दिल्याची कथा लोकप्रिय असली, तरी ती दंतकथाच मानावी लागते. मुलाच्या मृत्यूत त्यांचा हात असल्याचा प्रवाद जॉन माल्कम यांनीही १८२३ च्या आपल्या ग्रंथात फेटाळला आहे.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती हवा होता. त्यांच्या चिथावणीने राघोबादादा फौजेसह माळव्यात आले. अहिल्याबाईंनी स्त्रियांची पलटण उभारून त्यांना लाजविले, हा प्रसंग बालपुस्तकांत हमखास रंगविला जातो. परंतु लष्करी तयारीइतकाच निर्णायक ठरला तो पत्रव्यवहार. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांची सहानुभूती मिळविली आणि थेट माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांचा कौल त्यांच्या बाजूने पडला व राघोबादादांना लढाई न करता परतावे लागले. त्यानंतर अहिल्याबाईंनी सैन्याचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे सोपविले आणि मुलकी कारभार व खजिना स्वतःकडे ठेवला.

बांधकामे व अंबड

काशी, गया, सोमनाथ व वेरूळ येथील मंदिरे, तसेच अनेक ठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा त्यांनी बांधल्या. यातील बराच खर्च होळकर घराण्यातील स्त्रियांच्या खासगी उत्पन्नातून होई, दौलतीच्या खजिन्यातून नव्हे. महेश्वरला त्यांनी विणकरांना आश्रय दिला.

जालन्याच्या दक्षिणेकडील अंबड परगणा त्या काळी होळकरांकडे होता. माशाच्या आकाराच्या टेकडीवरील मत्स्योदरी देवीच्या मंदिराचे आणि गावातील खंडोबा मंदिराचे बांधकाम अहिल्याबाईंच्या नावाने सांगितले जाते. १८१८ च्या मंदसोर तहाने अंबड व वेरूळ होळकरांच्या हातून गेले आणि पुढे हा भाग निजामाच्या राज्यात आला. तरीही येथील लोकस्मृतीत अहिल्याबाईंचे नाव टिकून आहे.

अखेरची वर्षे

स्कॉटिश कवयित्री जोआना बेली यांनी १८४९ मध्ये अहिल्याबाईंवर इंग्रजी काव्य प्रसिद्ध केले. मराठीत त्यांच्यावर चरित्रे, कादंबऱ्या व मुलांसाठी गोष्टीची पुस्तके आहेत. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग मात्र मुलांसाठी लिहिताना बहुधा गाळला जातो. नातू नथ्याबा अकाली गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. एकेकाळी स्वतः चितेवरून मागे फिरलेल्या अहिल्याबाईंनी मुलीची परोपरीने मनधरणी केली. तिने ऐकले नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले. त्यांच्यानंतर तुकोजी गादीवर आले, पण दोनच वर्षांत, १७९७ मध्ये, त्यांचाही मृत्यू झाला.