सर बार्टल फ्रियर आणि अर्ध्या आण्याचे तिकीट

खडेबाजारातील आमच्या गायनवर्गात परवा एक शाळकरी विद्यार्थी रद्दीतून मिळालेली दोन जुनी पाकिटे घेऊन आला. त्यांवर राणी व्हिक्टोरियाचे मुखवटे असलेली निळी तिकिटे होती. यांचे किती रुपये येतील, एवढेच त्याला हवे होते. प्रश्न साधा होता. परंतु तिकिटाचे मोल सांगायचे तर ते कोणत्या काळाचे आणि कशासाठी निघाले, हे आधी ठाऊक हवे. आपल्याकडील तिकिटांची ही कथा ज्या गृहस्थापासून सुरू होते, तो सातारा, पुणे आणि मुंबई या आपल्याच मुलुखात वावरलेला होता.

हेन्री बार्टल फ्रियर यांचा जन्म १८१५ साली वेल्समध्ये झाला. हेलिबरी येथे शिक्षण संपवून १८३४ साली ते कंपनीच्या मुंबई इलाख्यातील नोकरीत दाखल झाले. त्या काळी बहुतेक लोक आफ्रिकेला वळसा घालून येत. या एकोणीस वर्षांच्या तरुणाने इजिप्तची वाट धरली आणि तांबड्या समुद्रातून लहान होडीने पुढचा प्रवास करीत मुंबई गाठली. पुढे पुणे जिल्ह्यात साहाय्यक कलेक्टर म्हणून काम करताना जमीनमहसुलाच्या वसुलीत कुणब्याची कशी नागवणूक होते, हे त्यांनी जवळून पाहिले. १८४४ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला.

त्यानंतर सातारच्या दरबारी रेसिडेंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. त्यांनी अखेरच्या क्षणी दत्तक घेतला होता. हा दत्तक मान्य करून गादी चालू ठेवावी, असे फ्रियर यांचे मत पडले व ते त्यांनी वरिष्ठांना कळविले. लॉर्ड डलहौसीने ते मानले नाही आणि सातारा खालसा झाले. मात्र ज्या राज्याची बाजू घेतली, तेच खालसा झाल्यावर त्याचा कारभार कमिशनर म्हणून फ्रियर यांनी पाहिला. विरोध नोंदवावा आणि हुकूमही पाळावा, हा त्यांचा स्वभाव तेथे प्रथम दिसला.

१८५० च्या अखेरीस सिंधचे कमिशनर म्हणून त्यांची नेमणूक झाली. सर चार्ल्स नेपियर यांनी तो प्रांत १८४३ मध्येच जिंकलेला होता. कराची बंदर, रस्ते, कालवे अशी मोठी कामे त्यांनी हाती घेतलीच. पण लक्षात राहिले ते एक लहानसे काम. पायी धावणाऱ्या हरकाऱ्यांऐवजी घोडे आणि सांडण्या लावून त्यांनी डाक वेगवान केली आणि १ जुलै १८५२ पासून अर्ध्या आण्याचे तिकीट सुरू केले. आशिया खंडातील हे पहिले टपाल तिकीट. पट्ट्याच्या आकाराच्या गोल वर्तुळात सिंध डाकेचे नाव आणि मध्ये कंपनीचे व्यापारी चिन्ह, असा त्याचा उठावाचा ठसा होता. त्याचे तीन प्रकार निघाले. तांबड्या लाखेची चकती ठिसूळ होती, ती तडकून जाई. पांढऱ्या कागदावरील पांढरा ठसा दिव्याच्या उजेडात नीट दिसेना. तिसरे तिकीट निळे होते. १ ऑक्टोबर १८५४ रोजी साऱ्या हिंदुस्थानसाठी तिकिटे निघाली आणि सिंधची तिकिटे बंद झाली.

नव्याने संग्रह करणाऱ्याने येथे काही खुणा ध्यानी धराव्यात. १८५४ ची तिकिटे कलकत्त्यास छापलेली. त्यांच्या कडांना दाते नाहीत आणि देशाचे नाव नुसते इंडिया असे आहे. त्यांतील चार आण्यांचे तिकीट दोन रंगांत दोनदा छापले जाई. काही ठिकाणी राणीचे मस्तक उलटे छापले गेले, आणि ती चूकच आज अतिशय मौल्यवान ठरली आहे. नंतरची तिकिटे इंग्लंडमध्ये छापलेली. त्यांवर ईस्ट इंडिया पोस्टेज अशी अक्षरे असतात. १८६५ पासून कागदात हत्तीच्या मस्तकाचे जलचिन्ह आले. १८८२ पासून ईस्ट हा शब्द गळाला. संस्थानांची कोर्ट फी तिकिटेही पुष्कळ सापडतात. ती टपालाची नव्हेत. सिंधच्या तिकिटाच्या तर नकलाही निघाल्या आहेत; तेव्हा कोणी स्वस्तात देऊ लागला, तर जाणकाराला दाखविल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

१८६२ साली फ्रियर मुंबईचे गव्हर्नर झाले. शहराचा जुना कोट त्यांच्या अमदानीत पाडला गेला आणि मुंबईला मोकळा श्वास घेता आला. १८६४ साली पुण्याजवळ डेक्कन कॉलेजच्या इमारतीचा पाया त्यांनी घातला. मात्र कापसाच्या तेजीतून शेअरांचे वेड माजले, १८६५ साली ते कोसळले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बे बुडाली. त्या प्रकरणाचा ठपका काही अंशी त्यांच्यावरही आला. याच सुमारास, १८६५-६६ च्या हिवाळ्यात त्यांनी दक्षिण मराठा मुलुखाचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर-बेळगावकडील प्रदेशाचा, दौरा केला. मुक्कामात एकट्या पडलेल्या त्यांच्या मुलीला, मेरीला, ॲना लिबेराता डिसोझा या आयेने गोष्टी सांगितल्या. त्या १८६८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

गुलामांचा व्यापार थांबविण्यासाठी त्यांना १८७२ साली झांजिबारला पाठविण्यात आले. पुढच्याच वर्षी तेथील सुलतानाशी तसा तह झाला. १८७७ साली ते दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर झाले. येथे मात्र सातारच्या गादीची कदर करणारा हा माणूस पार बदललेला दिसतो. झुलू राजाला त्यांनी पाळता येणार नाहीत अशा अटी घातल्या आणि १८७९ साली युद्ध ओढवून घेतले. इसांडल्वानाला इंग्रज फौजेची दाणादाण उडाली, शेवटी झुलूंचे स्वातंत्र्य गेले आणि दोन्ही बाजूंची हजारो माणसे मेली. १८८० साली फ्रियर यांना परत बोलावण्यात आले. १८८४ साली त्यांचे निधन झाले.

तिकीट पारखताना ते उलटून पाहतात. पुढून देखणे दिसणारे तिकीट मागून विरलेले किंवा डागडुजी केलेले असू शकते. फ्रियर यांचे चरित्रही असेच उलटून पाहावे लागते. साताऱ्याची शिफारस खरी आणि झुलूंवर लादलेले युद्धही खरे. एकासाठी दुसरे झाकणे योग्य नव्हे.

त्या मुलाची तिकिटे ईस्ट इंडिया काळातील अर्ध्या आण्याची निघाली. ती अमाप छापली गेल्याने सुटी फार मोलाची नाहीत. परंतु पाकिटावर बेळगावचा शिक्का स्पष्ट होता, म्हणून तिकिटे काढू नकोस, पाकिटे तशीच ठेव, असे मी त्याला बजावले. आमचे घराणे दरबारी गवयांचे. लहानपणी मी घरातील जुन्या पत्रांवरची तिकिटे कापून पाण्यात भिजविली आणि उरलेले कागद टाकून दिले. तिकिटे अजून वहीत आहेत. किंमत विचाराल तर चहाचे पैसे सुटतील. कोणत्या दरबाराने कोणत्या उत्सवासाठी कोणाला गायला बोलावले होते, ते मात्र आता कोणी सांगू शकत नाही.