कर्नल सी. के. नायडू

खेळाच्या तासास आम्ही मैदानाच्या कडेस उभे असतो, तेव्हा एक गोष्ट नित्य आमच्या दृष्टीस पडते. फलंदाजी सर्वांस प्रथम हवी असते. दूर सीमारेषेजवळ उन्हात उभे राहण्यास मात्र कोणी सहसा राजी नसतो. तेथे धाडलेल्या मुलास आपला अपमान झाला असे वाटते. वस्तुतः क्रिकेट असो, हॉकी असो वा रग्बी असो, खेळाचे नियम, डावपेच आणि ज्याची त्याची जागा ह्या तीन गोष्टी ज्यास उमगल्या त्यासच खेळ उमगला. हे ज्यांच्या चरित्रावरून शिकावे असे एक थोर खेळाडू आपल्या नागपुरातच होऊन गेले, त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी असा आमचा हेतू आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू ह्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे तेलुगू, परंतु नागपुरात स्थायिक झालेले. त्यांचे शिक्षण येथील हिस्लॉप ह्या मिशनरी विद्यालयात झाले व तेथेच त्यांच्या खेळास वळण लागले.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून ते प्रथम खेळले. प्रतिपक्ष युरोपियनांचा होता. संघाचे सात गडी झटपट बाद झालेले, आणि नायडूंचा क्रमांक नववा! पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडविले आणि चौथ्यावर षटकार मारला. पुढे आयुष्यभर ते षटकारांसाठी गाजले. पण त्या षटकारामागचे तीन अडविलेले चेंडू लोक विसरतात. आधी गोलंदाज पारखावा, मग हात उचलावा, हा क्रम त्यांनी त्या दिवशीच पाळला होता.

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर गिलिगन ह्यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढिल्या; त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. ही केवळ दांडगाई नव्हे, हे समजण्यास थोडा हिशेब करावा लागेल. चेंडू जमिनीस न लागता सीमेपार गेला तर सहा धावा, लागून गेला तर चार, असा नियम आहे. गोलंदाज जोरात असता क्षेत्ररक्षक स्लिप, गली वगैरे जागी फलंदाजाच्या निकट, झेलाच्या आशेने उभे असतात. चेंडू त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागला की कर्णधारास ते गडी मागे सीमेवर धाडावे लागतात. आणि ते मागे गेले की पुढची जागा मोकळी होऊन एकेक धाव सहज निघते. ह्या डावातील ११८ धावा षटकार-चौकारांच्या, तर ३५ धावा पळून काढलेल्या होत्या. हिंदी खेळाडू इंग्रजांशी बरोबरीने झुंजू शकतात अशी खात्री पटविण्यास हा डाव फार उपयोगी पडला.

१९३२ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. परंतु आपल्या खेळाची मर्यादा ओळखून ते कसोटी सामन्यातून बाजूस झाले. उपकर्णधारही खेळले नाहीत, आणि २५ जून रोजी लॉर्ड्स येथे हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व नागपूरच्या ह्या सुपुत्राकडे आले. इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धावांत परतले. क्षेत्ररक्षण करिताना नायडूंच्या हातास दुखापत झाली, तरी पहिल्या डावात संघातील सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना १५८ धावांनी हरला, पण मान गेला नाही.

आम्हांस मात्र त्यांचा खरा मोठेपणा १९३६ साली दिसतो. त्या वर्षी कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांस मिळाले. जो एकदा सेनापती झाला त्याने शिपाई म्हणून उभे राहणे सोपे नसते. पण नायडू उभे राहिले. ओव्हल येथील सामन्यात ॲलन ह्यांचा जलद चेंडू अंगावर बसला. कळ सोसून त्यांनी ८१ धावा केल्या. तीच त्यांची अखेरची कसोटी. सात कसोटींत ३५० धावा, हे आकडे पाहून त्यांची थोरवी कळावयाची नाही.

१९२३ पासून ते इंदूरच्या होळकर महाराजांच्या आश्रयास होते व त्यांच्या सैन्यात अधिकारी होते. होळकर संघ त्यांनीच घडविला. शिस्त कडक, ती सर्वांस रुचे असेही नाही. परंतु १९४५ ते १९५३ ह्या नऊ वर्षांत तो संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास पोहोचला व चार वेळा विजयी झाला. वयाच्या पन्नासाव्या वर्षी बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा काढिल्या. पुढे मुंबईच्या फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर लागून दात पडले, तरी त्यांनी मैदान सोडले नाही. १९५६ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे देहावसान झाले.

नववा फलंदाज, कर्णधार, आणि पुन्हा साधा खेळाडू, ह्या तिन्ही जागी नायडू सारख्याच निष्ठेने उभे राहिले. मुलगा खेळात वेळ दवडतो अशी तक्रार करणाऱ्या पालकांस आमची विनंती एवढीच की, त्याने किती धावा काढिल्या हे विचारण्यापूर्वी तो आज कोणत्या जागी उभा होता व तेथे सावध होता की नाही, हे त्यास विचारावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुम्हांस सीमारेषेवर धाडले तर हिरमुसू नका. झेल तेथेही येतो.