शाश्वत व्यवस्थेचे अर्थशास्त्रज्ञ : जे. सी. कुमारप्पा

चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून दक्षिणेकडे सुटणाऱ्या गाड्या तंजावरला आणि मदुराईला जातात. भोसल्यांच्या त्या तंजावरात ४ जानेवारी १८९२ रोजी जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. मदुराईजवळच्या कल्लुपट्टी या गावी त्यांचे अखेरचे दिवस गेले. त्यांची कर्मभूमी मात्र आपल्या विदर्भातील वर्धा होय.

लंडनमध्ये ते सनदी लेखापाल झाले, मुंबईत व्यवसायात स्थिरावले आणि पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. तेथे ब्रिटिश राजवटीचा आयव्यय आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध तपासताना त्यांची दृष्टी पालटली. मे १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली. विलायती पोशाख जाऊन खादी आली. कुमारप्पा हे घराण्याचे नावही त्यांनी पुन्हा धारण केले.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची धुरा घेऊन ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहिले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, हातसडीचे तांदूळ यांवर तेथे प्रयोग चालत. यंत्रमात्राचे ते वैरी नव्हते. सुधारलेली घाणी त्यांना हवीच होती. माणसाला आणि मातीला निकामी करणारे यंत्र तेवढे त्यांना नको होते.

जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दाखले रानातले आहेत. माकड आंबा खाते, पण झाडासाठी काही करीत नाही. मधमाशी मध घेते आणि फुलाला फळण्यास साह्य करते. पक्षीण पिलांना भरविते, परतफेड मागत नाही. कोळसा आणि खनिज तेल हे संपणारे साठे, तर वनातील लाकूड हा वाहता ओघ. साठ्यांवर उभी राहिलेली संस्कृती त्या साठ्यांसाठीच युद्धे करील, असा त्यांचा निष्कर्ष होता. ट्रॅक्टर नांगरतो खरा, पण शेण देत नाही, हा हिशेब एका लेखापालानेच मांडावा हे साजेसेच झाले. ‘पर्माकल्चर’ हा शब्द ऑस्ट्रेलियात रुजायला तेव्हा तीसेक वर्षे अवकाश होता.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. परंतु देशाने पोलाद आणि मोठ्या धरणांची वाट धरली. कुमारप्पांनी ती टीका सौम्य केली नाही, आणि सत्तेत गेलेले जुने सहकारी दुरावत गेले. प्रकृती खालावल्यावर ते कल्लुपट्टीच्या आश्रमात जाऊन राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, त्यांचे निधन झाले.